अमेरिकी बंपर काढून युरोपीय धर्तीचा पुढचा बंपर बसवताना

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपल्याकडे १९७८ सालची, अमेरिकी बाजारासाठी बनलेली मर्सिडीज ४५० एसएल आहे. तिचा बराच पुढे आलेला जाड बंपर काढून त्याच मॉडेलचा युरोपात मिळणारा बारीक, अंगालगत बसणारा बंपर लावायचा आहे. पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलचा एक तयार संच आपण पाहून ठेवला आहे आणि विक्रेत्याच्या मते हे जुने बोल्ट काढून नवे लावण्याइतके सोपे काम आहे. ते खरेच तेवढे सोपे आहे का, पत्रा कापावा लागेल का आणि कामाचा क्रम काय ठेवावा, असे आपण विचारले आहे.

हे काम करता येते, आणि नीट केले तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणण्याची वाटही खुली राहते. मात्र विक्रेता ज्या चकचकीत पट्टीबद्दल बोलतो आहे तो या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. बंपर सरळ दिसेल की वाकडा, खडखडेल की शांत राहील, मडगार्डचा रंग खरवडेल की नाही, हे पट्टीमागचे ब्रॅकेट आणि पट्टीची दोन टोके ठरवतात. म्हणून माझ्या उत्तराचा मोठा भाग त्या दोन गोष्टींवर आहे.

हा फरक मुळात कुठून आला हे आधी समजून घ्यावे, कारण कोणते भाग वेगळे असतील याचा अंदाज त्यावरूनच येतो. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलवर्षापासून नियम आला की, पुढचा बंपर ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळला तरी दिवे आणि इतर सुरक्षाविषयक भाग शाबूत राहिले पाहिजेत. मागच्या बंपरसाठी तेव्हा निम्मा वेग धरला होता. १९७४ पासून कोपऱ्यांवरच्या लंबकाच्या धक्क्याची चाचणी आली आणि जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात संरक्षण असण्याची अट लागू झाली. युरोपीय कारखान्यांनी या नियमांसाठी नव्या गाड्या घडवल्या नाहीत. त्यांनी असलेल्या गाड्यांनाच मजबूत तुळई आणि तिच्यामागे दबणारे धक्काशोषक जोडले. शोषकाला आत सरकायला जागा हवी असल्याने बंपर पुढे आला, आणि त्याची टोके मडगार्डला न घासता मागे सरकावीत म्हणून बाजूंना मोठी फट आणि रबरी आवरणे आली. १९८३ च्या मॉडेलवर्षापासून चाचणीचा वेग ताशी २.५ मैलांवर आणला गेला, तरी कित्येक कंपन्यांनी जुने मोठे बंपरच चालू ठेवले. आपल्या गाडीच्या आर १०७ मालिकेत ते अमेरिकेपुरते १९८९ मध्ये उत्पादन संपेपर्यंत राहिले. याच मालिकेच्या १९७२ आणि १९७३ मधल्या अमेरिकी गाड्यांना मात्र बारीक बंपर होते. पुढे तुलनेसाठी एखादी मूळ गाडी पाहायची झाली, तर त्या दोन वर्षांची गाडी शोधणे उपयोगी पडते.

आर १०७ मध्ये एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पुढचे इंडिकेटर बंपरमध्ये नसून हेडलाइटशेजारी मडगार्डच्या कोपऱ्यावर आहेत, त्यामुळे बंपर बदलताना दिव्यांच्या जागेला हात लावावा लागत नाही. सर्वच गाड्यांत असे नसते. १९७४ च्या उत्तरार्धापासून एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला काळे रबरी नाक आले तेव्हा पुढचा पत्रा, ग्रिल आणि इंडिकेटर यांची मांडणी बदलली आणि गाडीची उंचीही वाढवली गेली. तिला पुन्हा क्रोम बंपर बसवणे म्हणजे वेल्डिंग, रंगकाम आणि निलंबन (सस्पेन्शन) अशी तीन कामे एकदम काढणे होय. उलट पोर्शे ९११ मध्ये १९७४ पासूनचा घडीच्या रबरी नळ्यांचा बंपर बाहेरून दोन्ही बाजारांत जवळजवळ सारखाच होता. मुख्य फरक आतल्या आधारात होता: अमेरिकेत दबून परत येणारे शोषक आणि इतरत्र बहुधा एकदाच चुरगळणाऱ्या नळ्या. अशा गाडीचा बंपर बदलून दिसण्यात फारसा फरक पडत नाही. बीएमडब्ल्यू २००२ या दोन्हींच्या मध्ये येते. १९७४ पासूनचे तिचे अमेरिकी बंपर इतके पुढे आलेले आहेत की बदल नजरेत भरतो, पण टोकांच्या आधारांची आणि जुन्या भोकांची व्यवस्था लावावी लागते. आपली गाडीही साधारण याच गटात येते.

आता खरेदीकडे येऊ. संच घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्यातल्या प्रत्येक भागाची यादी आणि सुटे छायाचित्र मागावे. मधली पट्टी, दोन कोपरे, रबरी पट्ट्या आणि त्यांच्या क्लिप, चॅसीला जोडणारे दोन मुख्य ब्रॅकेट, कोपऱ्यांची टोके मडगार्डजवळ धरणारे बाजूचे आधार, नंबरप्लेटची बैठक आणि सर्व बोल्ट त्यात आहेत का, हे एकेक करून पाहावे. स्वस्त संचात बहुतेक वेळा फक्त पट्टी आणि कोपरे असतात, आणि "ब्रॅकेट जुनेच चालतील" असे सांगितले जाते. ते चालत नाहीत. अमेरिकी गाडीत पट्टीला धरणारी वस्तू म्हणजे शोषकाचे टोक असते आणि ते युरोपीय पट्टीच्या जागेच्या बरेच पुढे असते. त्यामुळे युरोपीय ब्रॅकेट हाती आल्याशिवाय पट्टीवर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. भंगारातल्या गाडीवरून काढलेले मूळ ब्रॅकेट थोडे गंजलेले असले तरी नव्या नकलेपेक्षा मी ते पसंत करतो, कारण त्यांची भोके आणि कोन खात्रीचे असतात. फक्त ते अपघातग्रस्त गाडीचे नसावेत. दोन्ही ब्रॅकेट सपाट फरशीवर शेजारी ठेवून एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब वाटतात का, हे पाहिले की वाकलेला ब्रॅकेट लगेच ओळखू येतो.

स्टेनलेस की क्रोम, या वादात मी फार वेळ घालवणार नाही. पॉलिश केलेले स्टेनलेस किंचित उबदार, पिवळसर दिसते आणि क्रोमला निळसर छटा असते. हेडलाइटभोवतीच्या आणि ग्रिलच्या क्रोमशेजारी हा फरक सावलीत जाणवत नाही, पण मोकळ्या आकाशाखाली काही डोळ्यांना खुपतो. स्टेनलेसला पापुद्रे सुटत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. मूळ पोलादी बंपर पुन्हा मुलामा देऊन घ्यायचा असेल, तर दिसणारा क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि गंजापासून खरे रक्षण त्याखालचा निकेलचा थर करतो, हे ध्यानात ठेवून कारागिराशी बोलावे. बाहेर वापरायच्या वस्तूवर निकेल साधारण २० ते ४० मायक्रॉन जाडीचे असावे. पोचे भरण्यासाठी आधी तांब्याचा थर चढवतात. तो घासून सपाट करताना कडा गोलावतात, नक्षीच्या रेषा बुजतात आणि भोके लहान किंवा लंबगोल होतात. म्हणूनच मुलाम्याला पाठवण्यापूर्वी बंपर गाडीवर पूर्ण जोडून पाहावा, लागेल तो वाक तेव्हाच द्यावा आणि रबराच्या क्लिप भोकांत बसतात याचीही खात्री करावी. मुलामा झाल्यावर वाकवलेल्या पट्टीचा थर तडकतो आणि त्याच रेषेवर पुढे गंज येतो.

जुना बंपर काढताना पहिली काळजी वजनाची घ्यावी आणि दुसरी शोषकांची. आदल्या दिवशी सर्व बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, बॅटरीची ऋण तार काढावी, आणि बंपरवरून किंवा त्याच्या मागून जाणाऱ्या जोडदिव्यांच्या तारा व हेडलाइट धुण्याच्या नळ्या असल्यास खूण करून सोडवाव्यात. बंपरखाली दोन्ही बाजूंना आधार द्यावा आणि शेवटचा बोल्ट निघताना दोन माणसे हजर असावीत. शोषक हे बंद नळकांडे असते, त्यात द्रव असतो आणि अनेक प्रकारांत दाबाखालचा वायूही असतो. त्यावर गॅसची ज्योत धरणे, त्याला भोक पाडणे, ग्राइंडरने कापणे किंवा वेल्डिंग करणे यांपैकी काहीही करू नये. अडकलेला बोल्ट तापवून सोडवण्याची सवय अनेक कारागिरांना असते, पण या ठिकाणी ती जिवावर बेतू शकते. पूर्वीच्या धक्क्याने शोषक आत दबून तसाच अडकला असेल, तर बोल्ट सुटताच तो बंपरला जोराने पुढे फेकू शकतो. एका बाजूची फट दुसरीपेक्षा स्पष्ट कमी दिसत असेल तर हा धोका गृहीत धरावा, समोर उभे राहू नये आणि बंपर साखळीने बांधल्याशिवाय काम पुढे नेऊ नये. अशा वेळी अनुभवी कार्यशाळेची मदत घेण्यात कमीपणा नाही.

काढलेला प्रत्येक भाग, शोषकासह, खूण करून कोरड्या जागी ठेवावा. पुढे गाडी विकताना अमेरिकी संच पूर्ण असणे खरेदीदाराला महत्त्वाचे वाटू शकते, आणि सुटे निघालेले हे भाग नंतर शोधणे कंटाळवाणे असते.

बंपर निघाला की चॅसीच्या दोन्ही पुढच्या टोकांची तपासणी करण्याची पुन्हा सहजी न मिळणारी संधी मिळते. शोषकाची बैठक पाणी आणि चिखल धरून ठेवते, त्यामुळे बाहेरून चांगला दिसणारा पत्रा आतून पातळ झालेला असू शकतो. टोकदार हत्याराने टोचून पाहावे, हातोडीच्या हलक्या ठोक्याने आवाज ऐकावा. नंतर मोजमापे घ्यावीत: दोन्ही टोके समोरच्या चाकाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, आणि डाव्या टोकापासून उजव्या बाजूच्या एखाद्या ठाम कारखानी बिंदूपर्यंतचे तिरके अंतर उलट बाजूच्या अंतराशी जुळते का. दोन-तीन मिलिमीटरचा फरक या काळातल्या गाड्यांत सहज सापडतो आणि ब्रॅकेटच्या लांबट भोकांत तो मुरतो. दहा मिलिमीटरचा फरक असेल तर गाडीला कधीतरी समोरून मार बसला आहे. तो दोष बंपर वाकवून झाकण्यापेक्षा आधी चॅसी सरळ करणाऱ्याला दाखवावा. गंज असेल तर घासून, गंजरोधक प्रायमर लावून, रंग देऊन आणि पोकळीत मेण फवारून मगच पुढे जावे.

आता मुख्य काम. युरोपीय ब्रॅकेट चॅसीच्या त्याच भोकांवर बसतात का, हे सर्वप्रथम नुसते हाताने धरून पाहावे. चार शक्यता असतात: भोके तंतोतंत जुळतात, जुळतात पण बोल्टची लांबी किंवा जाडी वेगळी लागते, भोके आहेत पण आत वेल्ड केलेला नट नाही, किंवा भोकेच नाहीत. पहिल्या दोन ठिकाणी काही अडत नाही. तिसऱ्या ठिकाणी जाड पट्टीला नट वेल्ड करून ती पट्टी पोकळीतून आत सरकवता येते, आणि मूळ पत्रा तसाच राहतो. चौथ्या ठिकाणी नवे भोक पाडण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या मूळ युरोपीय गाडीवरून अंतर मोजून घ्यावे आणि पोकळ पेटीच्या भिंतीतून बोल्ट आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा घालावा. तसे न केल्यास बोल्ट आवळताना पेटी चेपते आणि काही महिन्यांत सैल पडते.

ब्रॅकेट बसले की सर्व बोल्ट केवळ बोटांनी घट्ट ठेवून मधली पट्टी टांगावी. मडगार्डच्या आणि खालच्या पत्र्याच्या कडांवर त्याआधी जाड चिकटपट्टीचे दोन थर लावावेत. उंची ठरवताना जमिनीपासून मोजू नये, कारण फरशी क्वचितच सपाट असते आणि टायरमधली हवा, स्प्रिंगांची झीज यांनी माप चुकते. हेडलाइटच्या चौकटीची खालची कड आणि ग्रिलची खालची रेषा यांच्यापासून दोन्ही बाजूंना माप घ्यावे. हे दोन संदर्भही एकमेकांशी जुळत नसतील, आणि जुन्या गाडीत ते अनेकदा जुळत नाहीत, तर डोळा ग्रिलवर आधी जातो हे लक्षात घेऊन मी ग्रिलला प्रमाण मानतो आणि राहिलेला फरक कोपऱ्यांत वाटून टाकतो. पाणसळ ठेवून बंपर सरळ करणाऱ्यांची पट्टी जमिनीला समांतर होते, पण गाडीला तिरकी दिसते.

कोपरे जोडल्यावर खरी कसोटी लागते. कोपऱ्याची वक्र कड मडगार्डच्या वळणाला समांतर धावली पाहिजे. फट पुढे रुंद आणि मागे अरुंद झाली तर बंपर कितीही महाग असला तरी स्वस्त दिसतो. मी साधारण १० मिलिमीटरची फट धरतो. त्याहून कमी ठेवली तर खड्ड्यात गाडी आदळताना बंपर आणि मडगार्ड वेगवेगळे थरथरतात आणि रंग खरवडला जातो. जास्त ठेवली तर बंपर उपरा वाटतो. फट सारखी ठेवण्यासाठी त्याच जाडीच्या लाकडाच्या किंवा रबराच्या चिपा चारही जागी अडकवून ठेवाव्यात आणि त्या असतानाच बोल्ट आवळावेत. नव्याने घडवलेल्या कोपऱ्यांचे वळण मूळ नमुन्यापेक्षा थोडे उघडे किंवा मिटलेले निघणे नित्याचे आहे. स्टेनलेसचा कोपरा गुडघ्यावर किंवा लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून हळूहळू वाकवता येतो, पण तो परत उसळी घेतो म्हणून हव्या त्या वळणापेक्षा थोडा जास्त वाकवावा लागतो. मधली पट्टी आणि कोपरा यांच्या सांध्यात पायरी दिसत असेल तर बोल्ट आवळून ती मिटवण्याचा मोह टाळावा. आत पातळ वॉशर घालून दोन्ही पृष्ठे एका पातळीत आणावीत, नाहीतर पट्टीवर ताण राहतो आणि सांध्याजवळ पोचा उमटतो.

आवळण्याचा क्रम मधून बाहेर असा ठेवावा: आधी चॅसीवरचे बोल्ट, मग ब्रॅकेट आणि मधली पट्टी, मग सांधे, आणि टोकांचे आधार सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर मागे सरकून, गाडीपासून काही पावले दूर जाऊन आणि गुडघ्यावर बसून पाहावे. उभ्याने जे सरळ दिसते ते बसल्यावर वाकडे दिसू शकते. कारखान्याचे आकडे हाती असतील तर तेच वापरावेत. नसतील तर ८.८ प्रतीच्या ८ मिलिमीटर बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटर बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर हा सर्वमान्य आवाका आहे. स्टेनलेस बोल्टना त्याहून कमी जोर द्यावा आणि आट्यांना चिकटरोधक पेस्ट लावावी, कारण स्टेनलेसच्या आट्या एकमेकांत रुतून बसतात आणि मग बोल्ट तुटूनच निघतो. टोकांच्या आधारात रबर असेल तर तिथे टॉर्क पाना नकोच. रबर किंचित फुगेल इतके आवळून स्वयंबंध, म्हणजे आपोआप सैल न होणारा, नट लावावा.

धातूंच्या संगतीबद्दल एक तपशील बहुतेक जण विसरतात. स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीला साध्या पोलादी बोल्टने धरले की ओलाव्यात बोल्ट झपाट्याने झिजतो, कारण दोन धातूंच्या जोडीत कमी दर्जाचा धातू आपला बळी देतो आणि त्याचे क्षेत्रफळ जितके लहान तितकी झीज वेगाने होते. त्यामुळे पट्टीचे बोल्ट स्टेनलेसचेच वापरावेत आणि पट्टी व पोलादी ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनचे किंवा रबराचे वॉशर घालावेत. ब्रॅकेटला रंगाचा अखंड थर द्यावा आणि बोल्टच्या डोक्याखाली खरवडलेला रंग पुन्हा लावावा. पोलादी क्रोम बंपर असेल तर त्याच्या आतल्या बाजूला मुलामा नावापुरताच असतो. तिथे जस्तयुक्त प्रायमर, रंग आणि मेण असे तीन थर हवेत.

रबरी पट्टी गार असताना ओढून बसवली की पुढच्या थंडीत आकसते आणि टोकाशी मोकळी फट राहते. ती कोमट पाण्यात मऊ करावी, ताण न देता मधून दोन्हीकडे दाबत न्यावी, टोकाला थोडी जास्त ठेवून एक-दोन दिवसांनी कापावी. वंगणासाठी साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन चालते. खनिज तेल रबर खराब करते.

पत्रा कापावा लागेल का, हा आपला थेट प्रश्न होता. पुढच्या बाजूला ब्रॅकेट जुळत असतील तर कापण्याची गरज पडू नये, आणि कोणी लगेच ग्राइंडर उचलत असेल तर त्याला थांबवावे. प्रश्न कापण्यापेक्षा उघड्या पडणाऱ्या जागांचा असतो. मोठा बंपर आणि त्याच्या रबरी आवरणांमागे झाकलेली भोके, शोषक जिथून बाहेर येत होते ती छिद्रे आणि कधी वेगळ्या आकाराचा खालचा पत्रा आता दिसू लागतो. लहान भोकांना रबरी बूच पुरते आणि ते परतही काढता येते. मोठ्या छिद्रांवर आतून पातळ पत्र्याची झाकणी बोल्टने लावून ती गाडीच्या रंगाची करावी. वेल्डिंगने कायमचे बुजवण्याचा निर्णय गाडी पूर्ण रंगवायला जाईल तेव्हा घेतला तरी चालतो, आणि रंग सुस्थितीत असताना केवळ दोन भोकांसाठी पुढचा भाग जाळणे मला पटत नाही. ओढून नेण्याचा हुक आणि वातानुकूलन यंत्राच्या कंडेन्सरचा खालचा भाग पूर्वी बंपरच्या आडोशाला असेल तर तो आता उघडा पडतो का, हेही पाहावे.

संरक्षणाचा हिशेब मी स्पष्टपणे मांडतो, कारण विक्रेता तो मांडणार नाही. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८ किलोमीटरचा धक्का पचवणारी रचना ताशी ४ किलोमीटरच्या तुलनेत चौपट ऊर्जा शोषते, आणि युरोपातील बंपरविषयक नियम क्रमांक ४२ मध्येही समोरून धक्क्याची चाचणी ताशी ४ किलोमीटरचीच आहे. आपल्या गाडीचा बारीक बंपर तर दबून परत येणाऱ्या आधारावर नसतोच. पार्किंगमधला जो धक्का आज शोषक गिळतो, तो उद्या ब्रॅकेट वाकवेल, कोपरा मडगार्डमध्ये घुसवेल आणि ग्रिलपर्यंत पोहोचेल. गाडी रोज रस्त्याकडेला गर्दीत उभी राहत असेल तर मी हा बदल सुचवत नाही. ती निवाऱ्यात राहून मोजक्या वेळा बाहेर पडत असेल तर हरकत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. अमेरिकी नियम मुळात गाडी बनवणाऱ्यावर बंधनकारक आहेत, पण नोंदणी, तपासणी, बंपरची उंची आणि पुढच्या नंबरप्लेटची सक्ती यांबाबत राज्यागणिक तरतुदी वेगळ्या असल्याने आपल्या राज्याच्या तरतुदी आधी वाचून घ्याव्यात. अनेक जण याच वेळी अमेरिकी गोल सीलबंद हेडलाइट काढून युरोपीय एकसंध काचेचे दिवे बसवतात. ते वेगळे काम आहे, त्याला दिव्यांचे वेगळे नियम लागू होतात, आणि दोन्ही एकदम केल्यास बंपरच्या मापांसाठी जी चौकट प्रमाण धरायची तीच हलते. दिवे बदलायचेच असतील तर ते आधी बदलावेत.

जुनाच बंपर आत ढकलण्याचा स्वस्त पर्याय आपल्याला कोणीतरी सुचवेलच. त्यात शोषक रिकामे करून दाबतात किंवा त्यांच्या जागी आखूड नळ्या घालतात. बंपर काही सेंटिमीटर मागे जातो, पण त्याची रुंदी आणि जाडी तीच राहते, टोके मडगार्डला भिडतात म्हणून रबर कापावे लागते, आणि संरक्षण जाऊनही बारीक बंपरचे रूप हाती येत नाही. बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत हा उपाय दिसायला बरा वाटतो. आपल्या गाडीत मी तो करणार नाही.

बंपर बसल्यावर गाडीचे नाक थोडे वर आलेले दिसेल. काढलेले वजन पुढच्या आसाच्याही पुढे टांगलेले होते, त्यामुळे त्याचा स्प्रिंगांवरचा परिणाम वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. जुना आणि नवा संच काट्यावर मोजून ठेवला तर किती फरक अपेक्षित आहे हे आधीच कळते. लगेच स्प्रिंग कापायला जाऊ नये. गाडी काही दिवस चालवून रबरी बुशिंगांना नव्या उंचीवर स्थिरावू द्यावे आणि मग सपाट जागी, टाकी आणि टायरची हवा नेहमीसारखी ठेवून, दोन्ही बाजूंची उंची मोजावी. मर्सिडीजमध्ये पुढच्या स्प्रिंगवर वेगवेगळ्या जाडीच्या रबरी बैठका असतात आणि त्यांच्यावरच्या उंचवट्यांच्या संख्येवरून जाडी ओळखता येते. एक पायरी पातळ बैठक घातली की बहुधा काम भागते. पण त्या काळातली स्प्रिंग दाबून काढण्यासाठी योग्य आतून बसणारे हत्यारच लागते, बाहेरून लावायचे साधे हूक तिथे धोकादायक ठरतात. उंची बदलली की चाकांची संरेखा (अलाइनमेंट) तपासून घ्यावी आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर टाकून पुन्हा लावावा. स्प्रिंगची बैठक बदलली नाही तरी नाक वर आल्याने झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो, म्हणून हे दुसरे काम पहिल्या रात्रीच्या फेरीआधीच करावे. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर चॅसीवरचे आणि सांध्यांचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. टोकांच्या रबरी आधारांपाशी घासल्याची चमक दिसते का तेही तेव्हाच पाहावे. दिसली तर फट दोन मिलिमीटरने वाढवावी.